विचारलं तर डोक्यात येईल?

"माझी मुलगी दहावीत आहे. आम्ही ऐरोलीला राहतो. दोन महिन्यांपूर्वी आमच्याच सोसायटीतल्या, तिच्याच शाळेतल्या एका मुलाने जीव दिला. दोघांची घट्ट मैत्री नव्हती, पण स्कूलबस एकच होती. तेव्हापासून ही गप्प गप्प असते. रात्री दोन-अडीचपर्यंत जागी, सकाळी उठवलं की अंगावर येते. गणितात मार्क घसरलेत. परवा दप्तर आवरताना वहीच्या मागच्या पानावर 'मी नसते तर सगळ्यांचं सोपं झालं असतं' असं लिहिलेलं दिसलं. मी वही होती तशी ठेवून दिली. यांना सांगितलं तर म्हणाले, या वयात मुलं काहीबाही लिहितात, तू विषय काढू नकोस, नसलेलं तिच्या डोक्यात भरवशील. आणखी एक गोष्ट आहे, जी मुलीला माहीत नाही. माझा धाकटा भाऊ बारावीत असताना असाच गेला. आम्ही सगळ्यांना 'आजारी होता' एवढंच सांगतो. हे रक्तातून येतं का? एरवी पोर शहाणी आहे हो. मागच्या आठवड्यात स्वतःची बॅडमिंटनची रॅकेटसुद्धा मावसबहिणीला देऊन टाकली, मला आता नको म्हणाली.
– एक आई, ऐरोली"

ताई,

तुमचा मेल आला त्याच संध्याकाळी तुम्हाला दोन ओळींचं उत्तर पाठवलं होतं: आज रात्रीच मुलीशी बोला, तिला एकटी ठेवू नका आणि या आठवड्यातली मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. सदराचं उत्तर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं हे पत्र नव्हतं. आता सविस्तर लिहिते, कारण तुमचे प्रश्न बऱ्याच घरांतले आहेत. मुलीला आपण इथे सई म्हणू.

सुरुवात तुमच्या शेवटच्या ओळीपासून करते. रॅकेटची गोष्ट तुम्ही कौतुकाने लिहिलीत, मला मात्र सगळ्यात जास्त धास्ती त्याच ओळीने वाटली. वस्तू कुणी सहजही देतं. पण जिवापाड जपलेली वस्तू देऊन टाकणं, 'मी नसते तर' असं लिहिणं, झोप उडणं आणि ओळखीतला एक मृत्यू ताजा असणं, हे एकाच घरात एकाच महिन्यात दिसलं, तर 'वयच असं आहे' म्हणून सोडून द्यायचं नसतं. सईच्या मनात नेमकं काय आहे ते मला इथे बसून सांगता येणार नाही, तुम्हालाही वही वाचून कळणार नाही. ते तिलाच विचारावं लागेल.

आता सईच्या बाबांची शंका. विषय काढला तर डोक्यात येईल, ही भीती सुशिक्षित घरांतही असते, कित्येक शिक्षकांनाही असते. पण या प्रश्नावर जगभर बराच अभ्यास झाला आहे, किशोरवयीन मुलांवरही झाला आहे, आणि आत्महत्येबद्दल सरळ विचारल्याने ते विचार वाढतात असं त्यात आढळलेलं नाही. उलट बऱ्याच मुलांना हायसं वाटतं. ज्या गोष्टीची स्वतःलाच भीती वाटते ती कुणीतरी न घाबरता उच्चारली, म्हणजे निदान या माणसासमोर लपवायचं कारण उरलं नाही.

कसं विचारायचं? समोरासमोर बसवून नको, ते चौकशीसारखं वाटतं. रात्री जेवण झाल्यावर दोघी खाली फेऱ्या मारायला जा, किंवा अंथरुणं घालताना बोला. वही वाचलीत हे आधी कबूल करा. "दप्तर आवरताना तुझ्या वहीतलं वाक्य दिसलं. न विचारता वाचलं, त्याचा राग आला असेल तर बरोबर आहे. पण ते वाचल्यापासून मला राहवत नाहीये. सई, तुला मरून जावंसं वाटतं का? जीव द्यायचा विचार मनात येतो का?" शब्द हेच वापरा. 'तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?' असं विचारलंत तर उत्तर 'नाही' येणार. कारण त्या प्रश्नातच आपल्याला कोणतं उत्तर हवंय ते आपण सांगून टाकलेलं असतं.

ती 'हो' म्हणाली तर पहिली दोन मिनिटं तोंडातून काय जाईल ते सांभाळा. 'आमचा विचार केलास का?', 'तुला काय कमी केलंय आम्ही?', 'असलं परत तोंडातून काढलंस तर बघ' ही तिन्ही वाक्यं गिळा. जिला आधीच आपलं ओझं होतंय असं वाटतं, तिच्यावर त्यांनी आणखी एक ओझं चढतं. रडू आलं तर येऊ दे. "सांगितलंस ते बरं केलंस" एवढं म्हणा आणि पुढचं विचारा: असं कधीपासून वाटतंय? कसं करायचं, कधी करायचं असं काही ठरवलंयस का? याआधी स्वतःला कधी इजा केली होतीस का?

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. पुढच्या धोक्याची चाहूल देणाऱ्या ज्या गोष्टी माहीत आहेत, त्यांत आधी केलेला प्रयत्न सगळ्यात ठळक आहे, आणि बऱ्याचदा तो घरात कुणाला कळलेलाच नसतो. काही मुलं मरायचं नसतानाही, आतली घुसमट सहन होत नाही म्हणून स्वतःला दुखवून घेतात. त्याला 'नाटकं' म्हणून झटकू नका. हेतू तेव्हा मरण्याचा नसला तरी अशा मुलांच्या बाबतीत पुढचा धोका वाढलेला असतो.

उत्तर काहीही आलं तरी डॉक्टर टळत नाहीत. 'नाही' आलं तरी या आठवड्यातली वेळ टाळू नका. 'विचार येतो' असं आलं तर एक-दोन दिवसांत. 'ठरवलंय' असं आलं तर त्याच क्षणापासून कुणीतरी सतत तिच्यासोबत राहायचं आणि थेट इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जायचं. वाशीचं महापालिकेचं रुग्णालय तुम्हाला जवळ आहे, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयही फार लांब नाही. मध्यरात्री काही सुचेना झालं तर १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक फिरवा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. फोन सईनेच करायला हवा असं नाही, पालकही करू शकतात. लहान मुलांसाठीचा १०९८ हाही क्रमांक आहेच.

आता तुमचा खरा प्रश्न, जो तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलात. रक्तातून येतं का?

घरात आत्महत्या झालेली असेल तर पुढच्या पिढीतला धोका सरासरीपेक्षा जास्त असतो, हे खरं आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून ते लपवणार नाही. पण वारशाने मृत्यू येत नाही. वारशाने येऊ शकते ती नैराश्याकडे झुकणारी किंवा चटकन टोकाला जाणारी प्रकृती. आणि ज्यांच्या घरात असं घडलंय त्यातली बहुसंख्य मुलं कधीच त्या वाटेला जात नाहीत. तुम्ही स्वतः त्याच घरातल्या आहात. घरात मधुमेह असला की आपण साखर लवकर तपासून घेतो, माझ्या लेखी या माहितीचा उपयोग तेवढाच आणि तसाच. म्हणून मामाची गोष्ट डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, सईसमोर नको असेल तर वेगळं बोलून सांगा. वीस-पंचवीस वर्षं पाळलेलं गुपित असलं तरी ते डॉक्टरांपासून लपवणं महागात पडू शकतं.

सईलाही सांगायला हवं, पण आज नाही. आधी ती थोडी स्थिरावू दे, डॉक्टरांशी बोलून वेळ ठरवा. सांगाल तेव्हा कसा गेला याचं वर्णन नको. 'त्याच्या मनाला फार त्रास होत होता, तेव्हा आम्हाला तो ओळखता आला नाही, मदत कुठे मिळते हेही माहीत नव्हतं' एवढं पुरे. अशा गोष्टी पोरांना कधी ना कधी कळतातच. लग्नकार्यात एखादी लांबची आत्या बोलून जाते, आणि मग मुलीला दोन धक्के बसतात, एक मामाचा आणि एक आईने लपवल्याचा.

सोसायटीतल्या मुलाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्याला आपण 'दुर्दैवी घटना' म्हणतो आणि तेराव्या दिवशी विषय बंद करतो. मुलांचा विषय तेराव्याला बंद होत नसतो. ओळखीतल्या, आपल्याच वयाच्या कुणाच्या आत्महत्येनंतर इतर किशोरवयीन मुलांमधला धोका वाढतो, हे सगळीकडे दिसून आलं आहे. त्यासाठी जिगरी दोस्तच असावं लागतं असं नाही. आपणही त्याच्यासारखेच आहोत असं वाटणं पुरेसं असतं. सई रोज सकाळी त्याच बसमध्ये चढते. तो बसायचा ती जागा तिला रोज दिसते. याबद्दल तिच्याशी कुणी बोललंय का?

आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय काय फिरलं असेल याची मला कल्पना आहे. कुणीतरी तपशील टाकले असतील, कुणीतरी त्याचा फोटो आणि गाणं जोडून स्टेटस ठेवलं असेल, आणि कुणीतरी खात्रीने सांगितलं असेल की 'दहावीचं टेन्शन, दुसरं काय'. मुलं हे सगळं वाचतात. त्यातून त्यांना दोन गोष्टी कळतात: गेल्यावर सगळे आपल्याबद्दल चांगलं बोलतात, आणि मार्क कमी पडले की माणसं मरतात. दुसरी तर धडधडीत चूक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत. यात सगळ्या वयाचे लोक आले, आणि सर्वांत जास्त संख्या आपल्या महाराष्ट्रातली आहे. त्यात परीक्षेतलं अपयश हे कारण १.२ टक्के, तर घरगुती अडचणी ३१.७ टक्के. विद्यार्थी होते १३,०४४. अर्थात हा तक्ता पोलिसांच्या कागदावरून बनतो, आणि कागदावर कारणासाठी एकच रकाना असतो. माणसाच्या आयुष्यात ते तसं एका रकान्यात बसत नाही.

आपल्याकडे नुसत्या पावसाने तुंबत नाही आणि नुसत्या भरतीनेही तुंबत नाही, दोन्ही एका वेळेला गाठतात तेव्हा पाणी घरात शिरतं. या वयातला धोका तसाच साठत जातो. नैराश्य असतं, आणि किशोरवयात ते रडवेल्या चेहऱ्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसतं, म्हणून घरच्यांना ते उद्धटपणा वाटतं. 'सकाळी अंगावर येते' हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत, मी ते लक्षण म्हणून वाचलं. झोप मोडणं हा नुसता परिणाम नाही, तो स्वतःच धोका वाढवतो. शाळेत किंवा इन्स्टाग्रामवर कुणी छळत असेल, कुणी लैंगिक त्रास दिला असेल, आपण मुलगा आहोत की मुलगी किंवा आपल्याला कोण आवडतं याबद्दल इतरांपेक्षा वेगळं काही जाणवत असेल आणि घरी सांगायची सोय नसेल, दारू किंवा इतर नशेशी ओळख झाली असेल, घरात मारहाण किंवा सततचा अपमान असेल, नव्वदच्या खाली मार्क म्हणजे आपण शून्य असं डोक्यात बसलं असेल, तर यातली प्रत्येक गोष्ट त्या पाण्यात भर घालते. मग शेवटी एखादा ब्रेकअप किंवा वर्गात झालेला पाणउतारा निमित्त होतो, आणि लोक त्या निमित्तालाच कारण म्हणतात.

ही यादी वाचून घाबरून जाऊ नका. यातलं बरंच काही वाट्याला आलेली असंख्य मुलं सुखरूप मोठी होतात. कुणावर लक्ष ठेवायचं ते यादीवरून कळतं, पण आत्ता काही घडतंय का हे फक्त बदलावरून कळतं. आधी खेळणारी खेळेनाशी होते, बोलणारी गप्प होते, किंवा बरेच दिवस बेचैन असलेलं मूल एकदम निवांत आणि हसरं होतं आणि सगळ्यांना वाटतं, चला, सुटली एकदाची. हा अचानक आलेला निवांतपणाही विचारून घ्यावा असाच असतो.

सईच्या बाबांना यात काम द्या. गप्प राहा म्हणणारे बाप बहुधा दगडाच्या काळजाचे नसतात, ते घाबरलेले असतात, आणि हातात काम आलं की सावरतात. त्यांचं काम घर सुरक्षित करण्याचं. आजी-आजोबांच्या गोळ्यांसह सगळी औषधं, झुरळ-उंदीर मारायची द्रव्यं, हे सगळं कुलपात आणि किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे. सदनिका वरच्या मजल्यावर असेल तर गॅलरी-खिडक्यांच्या जाळ्या नीट आहेत का ते पाहून घ्यायचं. 'ज्याला करायचंच आहे तो कसंही करतो' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ती तीव्र ऊर्मी लाटेसारखी येते आणि बऱ्याचदा काही मिनिटांत, काही तासांत ओसरते. स्वतःला आवर घालणारा मेंदूचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत तयार होत असतो, म्हणून या वयात ती ऊर्मी आणि कृती यांच्यातलं अंतर फार थोडं असतं. ते अंतर कुलपाने वाढतं, शेजारी झोपलेल्या आईने वाढतं.

मोबाइल हिसकावून घेऊ नका. तिचे दोन-तीन बोलणारे मित्र त्यातच असतील. रात्री साडेदहानंतर घरातले सगळेच फोन हॉलमध्ये चार्जिंगला, बाबांचासुद्धा.

डॉक्टरांबद्दल दोन गोष्टी. आपल्याकडे 'ठाण्याला पाठवा याला' ही थट्टा अजून चालते. १९०१ सालचं ते मनोरुग्णालय कित्येक पिढ्यांच्या विनोदांचं खाद्य झालं, आणि त्या विनोदांमुळे कितीतरी घरं वेळेत उपचारापर्यंत पोचली नाहीत. सईला भरतीच करतील असं काही नाही. बहुतेक मुलांवर बाह्यरुग्ण विभागातच उपचार होतात: बोलून केलेली मानसोपचार सत्रं, गरज असेल तर औषधं, आणि पालकांशीही बोलणं. ठाण्यातच आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) सारखी संस्था १९९० पासून मनाच्या आरोग्यावर मराठीतून काम करते आहे, म्हणजे भाषेचीही अडचण नाही. नैराश्याची गोळी सुरू झाली तर पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवा, अस्वस्थता वाढली तर डॉक्टरांना लगेच कळवा, पण शेजारणीच्या सल्ल्याने गोळी परस्पर बंद करू नका.

पोलिसांचं लचांड मागे लागेल ही भीतीही काढून टाका. मनात विचार येणं हा कधीच गुन्हा नव्हता. आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, तिला शिक्षा करायची नसते, तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं ते जुनं ३०९ कलम ठेवलेलंच नाही.

शाळेत सगळ्यांना सांगायची गरज नाही. सईला विचारून तिच्या भरवशाच्या एका बाईंना किंवा सरांना सांगा, आणि शाळेत समुपदेशक आहे का ते विचारा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं आहे, तेव्हा हा प्रश्न विचारताना संकोच नको. क्लास महिनाभर बंद केला तरी चालेल. दहावीची परीक्षा पुन्हा देता येते, पुरवणी परीक्षाही असते.

राहता राहिलात तुम्ही. भाऊ गेला तेव्हा तुम्हीही लहानच होतात, आणि त्याच्याबद्दल खरं बोलायची मुभा तुम्हाला कुणी दिली नाही. आता मुलीच्या वहीतलं ते वाक्य वाचताना तुम्हाला दोघंही दिसत असणार. त्यामुळे सईची वेळ घेताना स्वतःसाठीही एक वेळ मागून घ्या. बहिणीला, म्हणजे सईच्या त्या मावसबहिणीच्या आईला, आत्ता विश्वासात घ्या. रात्रीची पाळी कुणीतरी वाटून घ्यायला हवी, तुम्ही एकट्या आठवडाभर जागू शकणार नाही.

सई डॉक्टरांकडे यायला 'मी काय वेडी आहे का' म्हणून नकार देईल, याची तयारी ठेवा. तसं झालं तर वाद घालू नका. झोपेच्या तक्रारीचं निमित्त चालतं, ते खोटंही नाही. तरीही नाहीच म्हणाली, तर ठरलेल्या वेळेला तुम्ही दोघं जा आणि वहीतल्या त्या पानाचा फोटो सोबत न्या.